एमजीबीची बॅटरी दर उन्हाळ्यात बसते? अ‍ॅम्पिअर विचारायच्या आधी खोका मोजा

मार्च संपत आला की हा प्रश्न हमखास येतो. गाडी जुनी, बॅटरी नवीकोरी, आणि तरी एप्रिलमध्ये एक दिवस सेल्फ मारला की टक्क असा आवाज येतो आणि सगळं गप्प. बॅटरीवाला मीटर लावतो, म्हणतो एक सेल गेला भाऊ, वॉरंटीत बसलं तर बदलून मिळते नाहीतर खिशातून, नवी बसते, पावसाळा-हिवाळा नीट जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच रामायण. मग माणूस वैतागून म्हणतो की आता सरळ मोठी बॅटरी टाकू, आणि खरी गडबड तिथून सुरू होते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी कोणती ते आधी सांगतो. एमजीबी, १९६२ ते १९८० मध्ये इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, १७९८ सीसीचं इंजिन, जोडीला दोन एसयू कार्बोरेटर. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका काकांकडे १९६५ ची आहे आणि आम्ही दोघं-तिघं मिळून ती चालती ठेवतो, त्यामुळे उदाहरण तिचंच येईल. आणि हो, बॅटरीच्या दुकानात नुसतं "एमजी" म्हणू नका राजेहो, काउंटरवरचा पोरगा लगेच मोबाइलमध्ये आजच्या एमजीची हेक्टर काढतो आणि तिची बॅटरी आणायला आत जातो.

या गाडीची खोड अशी की बॅटरी बॉनेटखाली नाहीच. सीटच्या मागे कार्पेट उचललं की एक पत्र्याचं झाकण दिसतं, त्याच्या खाली प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही बाजूंना एकेक खोका लटकलेला, आणि प्रत्येकात ६ व्होल्टची एक बॅटरी. दोन्ही सिरीजमध्ये जोडून १२ व्होल्ट. १९७४ च्या शेवटाकडे रबर बम्परवाल्या गाड्या आल्या तेव्हा ही भानगड संपली आणि एकच १२ व्होल्टची बॅटरी आली. म्हणजे तुमची गाडी क्रोम बम्परची असेल तर हे सगळं तुमच्यासाठी आहे, रबर बम्परची असेल तरी खालचा तपासणीचा भाग वाचा.

दोन बॅटऱ्या आहेत म्हणजे डबल ताकद असं बरेच जण समजतात. तसं नाही. सिरीजमध्ये व्होल्ट बेरजेने वाढतात, अ‍ॅम्पिअर-अवर नाही वाढत. ५० एएचच्या (एएच म्हणजे अ‍ॅम्पिअर-अवर, बॅटरीत किती साठा मावतो ते) दोन ६ व्होल्ट जोडल्या तर १२ व्होल्ट आणि ५० एएचच मिळतात, शंभर नाही. म्हणून "दोनच्या जागी एक टाकायची तर दुपटीची टाका" हा मिस्त्री लोकांचा हिशोब मुळातच चुकतो. आणि नागपुरात ६ व्होल्टची कारची बॅटरी मागून बघा, जुन्या बजाज स्कूटरची नाहीतर बुलेटची इवलीशी बॅटरी काढून समोर ठेवतील. म्हणजे वापरायच्या गाडीला व्यवहारात एकच रस्ता उरतो, एका खोक्यात बसेल अशी एक १२ व्होल्टची. आता प्रश्न एवढाच की कोणती बसेल. पण त्याआधी थांबा.

बॅटरीच दोषी आहे का ते आधी बघा

हे न करता नवी बॅटरी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, क्लॅम्प मीटर असला तर उत्तम.

गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी दार-दिवा काही चालू न करता बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ ते १२.७ म्हणजे फुल. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. अजून दोन ६ व्होल्टवरच असाल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा, ६.३ च्या आसपास यायला पाहिजेत. एक ६.३ आणि दुसरी ५.८ असेल तर ती दुसरी पहिलीलाही घेऊन बुडणार, कारण एकाच करंटमध्ये दोन्ही चालतात आणि कमजोर असलेली आधी रिकामी होऊन वरून उलटी चार्ज व्हायला लागते. म्हणूनच जोडीतली एकच बदलू नये म्हणतात ते खरं आहे.

मग सेल्फ मारून बघा. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, कोणाला तरी सीटवर बसवा, पाच-सहा सेकंद सेल्फ फिरवायला लावा आणि तेवढ्यात मीटर वाचा. १० च्या वर टिकलं तर बॅटरी ठणठणीत. उन्हाळ्यातही साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीवर संशय घ्या, आधी चार्ज करून पुन्हा बघा. आणि सगळ्यात महत्त्वाची केस म्हणजे सेल्फ फिरतच नाही पण मीटर मात्र १२.५ वर ठाम उभा. याचा अर्थ बॅटरीतून करंट बाहेरच पडत नाहीये. बॅटरी बिचारी ठीक आहे, दोष केबल, टर्मिनल, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच) किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीतून परत येणाऱ्या जोडणीत आहे. अशा किती तरी बॅटऱ्या उगाच भंगारात जातात.

अर्थिंग तपासायची पद्धत सोपी आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थवाल्या पोस्टवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही तर शिशाच्या पोस्टवरच, आणि दुसरी इंजिनच्या कोऱ्या लोखंडावर. सेल्फ फिरवा. दोन-तीन दशांश व्होल्ट आले तर चालतं, अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर अर्थ स्ट्रॅप साफ करा नाहीतर बदला. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे बॉडीपासून इंजिनपर्यंत करंट जायचा तो एका जाळीदार पट्टीतूनच, आणि ती पट्टी पन्नास-साठ वर्षांच्या तेलात माखलेली असते. वरून या गाडीत बॅटरी मागे आणि स्टार्टर पुढे, म्हणजे केबलच लांबलचक. सेल्फ फिरताना दीड-दोनशे अ‍ॅम्पिअर ओढतो, तेवढ्यात एक सैल जोड पुरेसा होतो.

आता चार्जिंग. इंजिन गरम झाल्यावर २००० ते २५०० आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या मध्ये काहीतरी दिसलं पाहिजे. १३ च्या खाली राहिलं तर बॅटरी कधीच भरत नाही. १५ च्या आसपास गेलं तर बॅटरी शिजते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बॅटऱ्या मरतात त्यातल्या बऱ्याच या दुसऱ्या कारणाने. गरम बॅटरी त्याच व्होल्टेजला जास्त करंट खाते, पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात, पॉझिटिव्हची जाळी गंजते. म्हणून हिवाळ्यात १४.५ चाललं म्हणून मे महिन्यातही चालेल असं नाही, अ‍ॅसिडचं टेंपरेचर एक डिग्री वाढलं की चार्जिंग व्होल्टेज साधारण ०.०२ ते ०.०३ ने कमी लागतं. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत लुकासचा सी४० डायनमो आणि आरबी३४० रेग्युलेटर बॉक्स आहे, त्यात व्होल्टेज, करंट आणि कटआउट (डायनमो थांबला की तो बॅटरीपासून तोडणारा) अशा तीन वेगळ्या कॉइल. त्यांची सेटिंग ठरलेल्या पद्धतीने होते, पट्ट्या पकडीने वाकवून नाही. ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या.

इंजिन बंद केल्यावर डायनमो हाताला गरम लागत असेल आणि सकाळी बॅटरी बसलेली असेल तर कटआउटचे पॉइंट चिकटलेत. बॅटरी रात्रभर डायनमोमध्येच रिकामी होते. यात बॅटरी बदलून काडीचा फरक पडणार नाही.

आणि शेवटचं, चोरटा करंट. १९६५ च्या गाडीत कॉम्प्युटर नाही, रिमोट लॉक नाही, त्यामुळे सगळं बंद असताना करंट शून्य दिसला पाहिजे. मीटर सिरीजमध्ये लावून बघा, पण लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. काही दिसलंच तर संशयित ठरलेले, नंतर बसवलेला स्टिरिओ, जीपीएस ट्रॅकर, मोबाइल चार्जरचा सॉकेट. ५० मिलिअ‍ॅम्पिअर ऐकायला काहीच वाटत नाही पण दिवसाला १.२ एएच जातात, म्हणजे ४४ एएचची बॅटरी अठरा दिवसांत निम्मी. लग्नसराईत आणि रॅलीलाच निघणारी गाडी महिनाभर उभी असते, मग बॅटरी बसणार नाही तर काय होणार. निम्म्याच्या खाली पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, ते नंतर चार्जर लावूनही पूर्ण निघत नाही.

मोठी बॅटरी का नको

सी४० डायनमो जास्तीत जास्त २२ अ‍ॅम्पिअर देतो, तेही आरपीएमवर असताना. आयडलवर जवळपास काहीच देत नाही. हॅलोजनचे हेडलाइट टाकलेत तर तेच नऊ-दहा अ‍ॅम्पिअर खातात, वर इग्निशन, टेल लाइट, वायपर, म्हणजे पावसात रात्री बर्डीवरून वर्धा रोडला सिग्नल-सिग्नल थांबत निघालात तर पूर्ण वेळ बॅटरी रिकामीच होतेय. अशा ठिकाणी ६५ किंवा ८० एएचची बॅटरी टाकणं म्हणजे बारीक नळाखाली मोठा ड्रम ठेवणं, भरणार कधी? ती सतत अर्धवट भरलेली राहते आणि तशीच सल्फेट होऊन मरते. १.८ लिटरच्या पेट्रोल इंजिनला, आपल्या हवेत, ४४-४५ एएच भरपूर झाले.

डब्यावर सीसीएचा (कोल्ड क्रँकिंग अ‍ॅम्पिअर, म्हणजे थंडीत सेल्फला मिळणारा करंट) मोठा आकडा दाखवून जास्त पैसे घेतात त्यालाही फार भुलू नका. सीसीए मोजतात उणे १८ डिग्रीला. नागपुरात तशी थंडी पडायची असेल तर बॅटरीपेक्षा मोठे प्रश्न उभे राहतील.

आता माप

झाकण काढा, जुन्या बॅटऱ्या काढा, खोका घासून साफ करा, मग टेप घ्या. आतली लांबी, रुंदी, आणि तळापासून पत्र्याच्या झाकणापर्यंतची उंची. पुस्तकातलं माप नको, तुमच्या खोक्याचं पाहिजे, कारण या खोक्यांचा तळ उघडा असतो, खालून चिखल-पाणी येतं, वरून अ‍ॅसिड सांडतं, आणि एवढ्या वर्षांत कोणीतरी कुठेतरी पट्टी वेल्ड केलेलीच असते. काकांच्या गाडीत एका बाजूला कोणी जाड अँगल लावलाय, त्यामुळे डावा-उजवा खोका सारखे उरलेच नाहीत.

मग पुठ्ठ्याची किंवा थर्माकोलची डमी बनवा, बॅटरीच्या नेमक्या मापाची, आणि ती आत उतरवून बघा. हसू नका, बॅटरी एकदा अ‍ॅसिड भरून तुमच्या नावावर बिल झाली की दुकानदार परत घेत नाही. डमीवर टर्मिनल आणि केबलचा क्लॅम्प धरून वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. वर पत्रा आहे हे डोक्यात ठेवा. सीटमागे कोणी सामान टाकलं, झाकण दबलं आणि लाइव्ह पोस्टला टेकलं की डायरेक्ट शॉर्ट, आणि तो तुमच्या पाठीमागे, पेट्रोलच्या पंपाजवळ.

आता बाजारात काय मिळतं. आपल्याकडे दोन घराणी आहेत, जपानी मापाची आणि डिन म्हणजे जर्मन मापाची. जपानी कोड वाचायला शिका, उदाहरणार्थ ३८बी२०एल. पहिला आकडा ताकदीचा, बी म्हणजे रुंदी साधारण १२९ मिलिमीटर, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर पोस्टची बाजू. ही ती मारुती ८०० आणि अल्टोवाली ३५ एएच, १९७ बाय १२९ आणि पोस्टसकट उंची २२७. खोक्यात लांबी-रुंदीला आरामात जाते म्हणून बरेच मिस्त्री हीच टाकतात. पण तीन गोष्टी आड येतात. उंची जास्त आणि पोस्ट वर निघालेले, म्हणजे झाकणाची भीती. रुंदी कमी, म्हणजे खोक्यात हलते, लाकडाच्या पाचरी ठोकाव्या लागतात. आणि या छोट्या जपानी बॅटऱ्यांचे पोस्ट बारीक असतात, पॉझिटिव्ह १४.७ मिलिमीटर, जेव्हा जाड पोस्टचं माप १९.५ आहे. तुमच्या गाडीचे क्लॅम्प जाड पोस्टचे असतील तर ते या पोस्टवर आवळूनही बसत नाहीत, मग कोणी पत्र्याची पट्टी गुंडाळतं, कोणी शिशाची, आणि तो सैल जोड गरम होत राहतो. बाजारात बारीक पोस्टवर चढवायची टोपी मिळते, ती घ्या, पण मुळात ही बॅटरीच टाळलेली बरी. त्याच्या पुढची डी२३, म्हणजे ६५ एएचच्या आसपासची, २३२ बाय १७३ बाय २२५, ती तर खोका कापल्याशिवाय जात नाही, आणि खोका कापू नका.

बाहेरच्या देशांत एमजीबीवाले एका खोक्यात अमेरिकन ग्रुप २६ ची बॅटरी टाकतात, २०८ बाय १७३ बाय १९७. ती आपल्याकडे मिळत नाही, पण आपली डिन ४४ किंवा ४५ बघा, २०७ बाय १७५, आणि उंची १७५ किंवा १९०. जवळपास तीच! वरून डिनमध्ये पोस्ट खाचेत खाली बसलेले असतात आणि उंचीच्या मापात धरलेले असतात, म्हणजे झाकणाशी भांडण नाही, पोस्ट जाड, आणि तळाला पकडायची पट्टी असते. मला विचाराल तर आपल्या शहरात या गाडीसाठी हीच. वापरात असलेल्या बऱ्याच नव्या गाड्यांना लागते म्हणून सीए रोडपासून हिंगण्यापर्यंत कुठेही मिळते, एक्साइड घ्या नाहीतर अ‍ॅमरॉन. फक्त डिनच्या पुढचा आकडा कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे नावावर जाऊ नका, पाटीवरचे मिलिमीटर बघा, टेप सोबत न्या.

पोस्टची बाजू हा वेगळा घोळ आहे. एल आणि आर ही अक्षरं दुकानात दहापैकी निम्मे लोक उलटी सांगतात. सगळ्यात सोपं म्हणजे पोस्ट तुमच्या पोटाकडे येतील अशी बॅटरी समोर ठेवायची आणि बघायचं प्लस डाव्या हाताला आहे की उजव्या. तुमच्या डमीवर दोन्ही बाजूंनी प्लस-मायनस लिहून कोणती केबल कुठपर्यंत पोचते ते घरीच ठरवा, फोटो काढा, आणि दुकानात अक्षर न सांगता फोटो दाखवा.

काय घेऊ नये तेही सांगतो. घरी कूलरच्या सीझनमध्ये इन्व्हर्टर बदलला म्हणून त्याची किंवा यूपीएसची सीलबंद बॅटरी यात टाकणारे महाभाग आहेत. ती हळूहळू करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फसाठी नाही. लिथियमवाली तर जुन्या रेग्युलेटरबरोबर नकोच. एजीएम (अ‍ॅसिड काचेच्या जाळीत शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी) चालते, पण आपल्या गर्मीत आणि मेकॅनिकल रेग्युलेटरच्या भरवशावर तिचं पाणी एकदा उडालं की परत टाकता येत नाही, म्हणून माझा कल साध्या पाण्याच्या बॅटरीकडे, ज्याची झाकणं उघडतात. सगळ्या डिनमध्ये तसं मिळत नाही, मिळाली तर ती उचला.

पॉझिटिव्ह अर्थ, इथे घाई नको

१९६७ च्या शेवटी मार्क टू, म्हणजे दुसरी आवृत्ती आली तोपर्यंतच्या एमजीबीमध्ये बॉडीला प्लस जोडलेला असतो. म्हणजे आजच्या सगळ्या गाड्यांच्या उलट. नवा मिस्त्री हे न बघता मायनस बॉडीला लावून मोकळा होतो आणि वर सांगतो, काका तुमच्या गाडीत उलटंच होतं, सरळ करून दिलं! यात रेडिओ जातो, स्मिथ्सचा जुना टॅकोमीटर बंद पडतो, आणि कोणी आधीच आल्टरनेटर बसवला असेल तर त्याचे डायोड उडतात. हां, आधीच्या मालकाने पद्धतशीर निगेटिव्ह अर्थ करून घेतलेलंही असू शकतं, म्हणून गाडीचं वर्ष बघून ठरवू नका. केबलचा माग काढा, बॉडीला बोल्ट मारलेली केबल आता कोणत्या पोस्टवर आहे ते बघा, आणि खडूने झाकणाच्या आतून लिहून ठेवा.

बॅटरी काढताना अर्थची केबल आधी काढायची, हा नियम. पण हात सवयीने मायनसकडे जातो आणि प्लस अर्थ असलेल्या गाडीत मायनस लाइव्ह असतो, पाना बॉडीला लागला की ठिणगी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की पेटायला ठिणगी पुरते. म्हणून अशा गाडीत आधी प्लस काढा, बसवताना प्लस शेवटी.

जंप स्टार्ट करतानाही. प्लसला प्लस, मायनसला मायनस हे बरोबरच आहे, पण दुसऱ्याची नवी गाडी आणि तुमची एमजीबी, दोघींच्या बॉडी एकमेकींना टेकता कामा नयेत, बम्परला बम्पर लावून उभी केली तर तिथेच शॉर्ट होईल. चार्जर लावताना मात्र काही फरक नाही, लाल प्लसला, काळा मायनसला, अर्थ कुठे आहे याच्याशी चार्जरला देणंघेणं नसतं.

बसवताना

मुख्य लाइव्ह केबल ज्या खोक्यात येते त्याच खोक्यात बॅटरी ठेवा, लांब केबलला जोड देऊ नका. अर्थची केबल नवी आखूड बनवून घ्या, ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची, लग क्रिम्प करून, आणि बॉडीवर जिथे बोल्ट बसेल तिथला रंग खरवडून. दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली केबल काढून टाका, तशीच लोंबकळत ठेवू नका. खोक्यात आधी खायच्या सोड्याच्या पाण्याने अ‍ॅसिड मारा, धुवा, वाळवा, प्रायमर-पेंट, मग खाली रबराचा तुकडा. पकडायची पट्टी बनवून घ्या. दहा-बारा किलोची वस्तू खड्ड्यांवरून उडत राहिली तर प्लेटा झडतात. एक कट-ऑफ स्विच अर्थच्या बाजूला टाका, महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला याच्याइतका स्वस्त उपाय नाही. दुसऱ्या रिकाम्या खोक्यात पाना-जॅक ठेवतात लोक, ठेवा, पण तळ उघडा आहे हे विसरू नका.

उन्हाळा

नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री नोंदवलंय. (२०२४ च्या मे मध्ये ५६ ची बातमी फिरली होती, हवामान खात्याने नंतर सेन्सरचा दोष सांगितला, पण त्या दिवशी घराबाहेर उभं असणाऱ्याला ते पटलं नसेल.) बॅटरीचं आयुष्य कंपन्या साधारण २५ डिग्री धरून काढतात आणि दर आठ-दहा डिग्री वाढीला ते निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे. उन्हात उभी असलेली गाडी, खाली तापलेलं डांबर, त्यात आपला खोका जमिनीलगत. म्हणून एप्रिल ते जून सावली हाच मोठा उपाय. उभ्या गाडीचं सेल्फ-डिस्चार्जही गर्मीत वाढतं, तेव्हा दर दोन-तीन आठवड्यांनी चार-पाच अ‍ॅम्पिअरच्या ऑटो कट चार्जरने रात्री, गारव्यात, चार्ज करा. उघडणाऱ्या झाकणांची असेल तर महिन्यातून एकदा पाणी बघा, डिस्टिल्डच टाका, बोअरचं नाही आणि आरओचंही नाही, आरओच्या पाण्यातही क्षार राहतात. पाणी चार्जिंग झाल्यावर लेव्हलला आणा, आधी भरलं तर उकळून बाहेर येतं आणि पुन्हा खोका खातं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. एमजीएमध्येही दोन ६ व्होल्टच आहेत सीटमागे, वरचं सगळं लागू, फक्त खोका स्वतः मोजा. एमजी टीसी-टीडीमध्ये एकच १२ व्होल्टची, बल्कहेडवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पेटीत. ट्रायम्फ स्पिटफायर, आणि तिच्याच चुलत घरातली आपल्या मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड, यांत बॅटरी इंजिनमागे बल्कहेडपाशी, त्यामुळे तिथे प्रश्न उंचीचा आणि इंजिनच्या गर्मीचा, अख्खं पुढचं बॉनेट खाली आणून पोस्टला टेकतं का ते मातीचा गोळा ठेवून बघा.

दुकानात बिल करताना बॅटरीवरची बनल्याची तारीख विचारा, दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनी आणि १२.५ च्या खाली असलेली घेऊ नका, मीटर तुमचाच लावा. वॉरंटीच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या गाडीचं मॉडेल सापडणार नाही, तिथे पोरगा काहीतरी जवळचं टाकून देतो आणि मग क्लेमच्या वेळी गाडी जुळत नाही म्हणून हात वर करतात, असं एका दुकानात आमच्यासमोर झालंय. गाडीचा नंबर आणि "व्हिंटेज" असं बिलावर लिहूनच घ्या. जुनी बॅटरी दिली की वजनावर पैसे कापून मिळतात, पण मूळ ६ व्होल्टच्या काळ्या रबरी केसवाल्या असतील तर त्या देऊ नका. रॅलीत परीक्षक झाकण उघडायला लावतात. जाणकाराकडून अ‍ॅसिड आणि प्लेटा काढून घेतल्या तर ती केस दुसऱ्या खोक्यात नुसती दाखवायला ठेवता येते, केबल न जोडता.